बसलिंगप्पा सरांच्या लेखाचं चित्र

बसलिंगप्पा सरांना लेखातलं एक वाक्य काढायला सांगितलं, की त्यांचा चेहरा असा व्हायचा जणू मी त्यांच्या घरातलं एक माणूस बाहेर काढायला सांगितलंय. मी हे रोज सांगायची. सर रोज ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि संध्याकाळी तोच लेख दोन परिच्छेद वाढवून माझ्याकडे पाठवायचे. माझं डोकं फिरायचं ते इथं.

नांदेडच्या ज्या भागात दर चार पावलांवर क्लासची पाटी दिसते, तिथल्या एका मोठ्या क्लासच्या ऑफिसात आम्ही दोघं कामाला होतो. क्लास आप्पासाहेबांचा. मी पोस्टर, पत्रकं, फोनवर फिरणाऱ्या जाहिराती असं सगळं चित्रकाम करायची. सर ब्लॉग लिहायचे. हैदराबादच्या कुठल्याशा शिबिरात आप्पासाहेबांना कुणीतरी पटवलं होतं की ब्लॉग नसलेला क्लास इंटरनेटवर कुणाला सापडतच नाही. तेव्हापासून क्लासच्या वेबसाइटवर दर आठवड्याला एक लेख जायचा. अभ्यासाचं वेळापत्रक कसं लावावं, परीक्षेच्या आदल्या दिवशी काय खावं, घरची आठवण आली तर काय करावं, असे. विषय चांगले असायचे, पण वाचायचं कोण? सर वाचायचे, मी वाचायची, आणि कधीतरी चुकून आप्पासाहेबांचे मेहुणे.

सर मूळचे निलंग्याकडचे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावातले. वैतागले की त्यांच्या तोंडून अजून 'अय्यो' निघायचं. डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावी-बारावीला लातूरला गेले. तेव्हा लातूरला गेलं की डॉक्टर होतो, असं सगळा मराठवाडा म्हणायला लागला होता. सर काही झाले नाहीत. बी.एस्सी. करून नांदेडला जीवशास्त्र शिकवायला आले आणि कित्येक वर्षं माइक नसलेल्या हॉलमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ओरडत राहिले. त्यातच त्यांचा गळा गेला. आता बोलले की कोरड्या पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी वर्गात जायला बंदी घातली, तेव्हा आप्पासाहेबांनी त्यांना घरी नाही पाठवलं, एक खुर्ची दिली आणि ब्लॉग दिला. हे मात्र आप्पासाहेबांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

मला वाटतं, वर्गात बोलायचं राहून गेलेलं सगळं सर लेखात बोलायचे. म्हणून लेख संपायचे नाहीत.

मग एके दिवशी आप्पासाहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळे जुने लेख पडूनच हायत. ह्याच्यातून एकेक चित्र बनवा. एका नजरेत समजलं पाहिजे. इन्फोग्राफिक म्हंतेत त्याला. जुन्या मालातून नवा माल."

कल्पना वाईट नव्हती. उलट मला आनंदच झाला. माझे अब्बा, पाशामियाँ, इतवाऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी चालत्या सायकलवरून वाचता आली पाहिजे, एवढा एकच नियम त्यांनी मला शिकवला होता. चित्राचंही तेच. एका लेखातली एकच गोष्ट घ्यायची, ती चार-पाच शब्दांत बसवायची, बाकीचं बाण आणि आकृत्यांना बोलू द्यायचं, जुनी तारीख काढून नवी टाकायची, झालं. अर्ध्या दिवसाचं काम.

अर्ध्या दिवसाचं, जर सर शेजारी खुर्ची घेऊन बसले नसते तर. पहिलाच लेख झोपेवर होता. मी एक घड्याळ काढलं, एक उशी काढली आणि लिहिलं, 'सात तास झोपा, वाचलेलं लक्षात राहील.' सरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. त्या बोटाचा ठसा रोज पुसायला लागायचा.

"सदफबाई, ह्यात मेंदू कुठं हाय?"

"सर, झोपा म्हटल्यावर मेंदू कशाला?"

"आवो, स्मरण कुठं साठतंय ते न्हाई सांगितलं तर पोरगं इस्वास कसा ठेवंल? हितं एक मेंदू घाला. त्याला नावं द्या. बारीक अक्षरात द्या, चालतंय."

मी मेंदू घातला. मग सरांना मेंदूच्या शेजारी झोपेच्या लाटा हव्या झाल्या. मग प्रस्तावना. चित्राला प्रस्तावना! शेवटी उशी कोपऱ्यात गेली आणि घड्याळ दिसेनासं झालं. ते चित्र आप्पासाहेबांकडे गेलं तर त्यांची तऱ्हा वेगळीच. त्यांनी मजकुराकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझा फोटो कुठाय?"

आमच्याकडे बॅनर म्हटलं की वर एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग आलीच पाहिजे. वाढदिवस असो, निवडणूक असो, नाही तर दहावं असो. आप्पासाहेबांच्या डोक्यात इन्फोग्राफिक म्हणजे तसलाच बॅनर, फक्त फोनमध्ये मावणारा. वर हात जोडलेले आप्पासाहेब, खाली गेल्या वर्षीचे गुणवंत, त्यांच्याखाली 'प्रवेश सुरू' आणि दोन फोन नंबर. 'मन शांत ठेवा' या विषयाच्या चित्रात मी इतके चेहरे बसवलेत की ते बघून कुणाचंही मन अशांत व्हावं. एक जण मेंदू घाला म्हणतोय, दुसरा चेहरे घाला म्हणतोय, आणि मधे मी. महिनोन्महिने हेच चाललं. मी घरी जाऊन अब्बांना सांगायची आणि ते नुसते हसायचे. त्यांना काय, त्यांना गिऱ्हाईक एकच असायचं.

अशातच त्या वर्षी नांदेडला हादरा बसला.

सकाळची चहाची वेळ होती. टेबल हललं, पंखा झुलला, कपाटाची काच वाजली, आणि थांबलं. एवढंच. पण क्लासमधली पोरं बाकांवरून उड्या मारत रस्त्यावर आली, आणि थोड्या वेळात गावोगावचे फोन सुरू झाले. किनवट, हदगाव, मुखेड, देगलूर. आमची पोरगी बरी हाय का, आमचा पोरगा कुठं हाय. मराठवाड्यात जमीन हलली की प्रत्येकाला ते त्र्याण्णव साल आठवतं. जे तेव्हा जन्मले नव्हते त्यांनाही आठवतं.

मी सरांकडे बघितलं. ते खुर्चीत बसूनच होते. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलेली. सगळे परत आत आले, चहा झाला, तरी त्यांनी ती सोडली नव्हती.

दुपारी आप्पासाहेब आले. "मॅडम, भूकंपावर आपल्या ब्लॉगवर जुना लेख हाय ना? आजच चित्र करा. आणि आपलं मुलींचं होस्टेल दाखवा त्यात. पालकाला वाटलं पाहिजे, आपली पोरगी सुरक्षित हाय."

लेख होता. 'भूकंप : कारणे, परिणाम व उपाययोजना.' लिहिणारे अर्थातच बसलिंगप्पा सर. मी वाचायला बसले आणि नेहमीप्रमाणे वैतागले. पृथ्वीच्या पोटातले थर, सरकणारे खंड, जपानची घरं, मोजमापाची पट्टी, प्राण्यांना आधी कळतं का त्यावर एक अख्खं पान. भूकंप झाल्यावर पोरांनी काय करायचं, ते शोधत शोधत शेवटच्या परिच्छेदात गेले, तर तिथं एक ओळ. 'हादरे थांबल्यावर इमारतीतून शांतपणे बाहेर पडून मोकळ्या जागेत जावे.'

चला, निदान एक ओळ तरी कामाची मिळाली. एक इमारत, एक जिना, एक बाण, आणि बाणाच्या टोकाला मोकळी जागा. आप्पासाहेबांना होस्टेल हवंच होतं, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन मुलींच्या होस्टेलवर जिना बघायला गेले. लांब नाही, दोन गल्ल्या पलीकडे.

होस्टेल तीन मजल्यांचं. जिना अरुंद, दोघी शेजारी-शेजारी उतरल्या तर खांदे घासतील असा. वरच्या मजल्यापासून मी बाण काढत खाली आले. तळाशी सरकतं लोखंडी जाळीचं दार, आमच्याकडे सगळे त्याला चॅनेल गेट म्हणतात. त्याला बाहेरून कुलूप होतं. भर दुपारी. मला आत घ्यायला रेक्टर केवळाबाईंनी ते उघडलं होतं आणि माझ्यामागं लगेच पुन्हा दाबून बसवलं होतं. किल्ली त्यांच्या कमरेला.

"केवळाबाई, हे कुलूप कधी कधी असतं?"

"कायम आसतंय की. पोरी क्लासला जाताना उघडते, आल्या की लावते. आई-बापच सांगून जातेत, बाई, कुलूप लावा म्हनून."

"आणि मागचा लोखंडी जिना?"

मागच्या जिन्यावर जुने फ्लेक्सचे सांगाडे रचलेले होते. त्यातले निम्मे माझ्याच हातचे, आप्पासाहेब प्रत्येकात हात जोडून. त्यांच्या पलीकडे दोन मोडके कूलर. तिथून मांजरसुद्धा उतरलं नसतं.

"आज सकाळी हललं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

केवळाबाईंनी पदर सारखा केला. "दळनाला गेल्ते, ताई. आता दळन आनायचं तर जावं लागतंय ना? आले तवर पोरी समद्या खाली येऊन गेटाला लोंबकळल्या होत्या. लई वरडल्या."

"आणि किल्ली?"

"माझ्यासंगंच की. दुसरी हाय कुठं? दुसरी कवाच हारवली."

मी तशीच ऑफिसात परत आले. रागानं माझे कान तापले होते. सरांसमोर कागद टाकला.

"सर, हा बाण कुठं नेऊ?"

"मोकळ्या जागेत."

"मोकळ्या जागेच्या आधी कुलूप आहे. तुम्ही लिहिलंय, शांतपणे बाहेर पडावे. कुठून पडावे? लेखात काहीही खपतं, सर. चित्रात बाण काढावा लागतो, आणि बाण भिंतीतून जात नाही."

मला वाटलं, आता ते नेहमीसारखे प्रस्तावना सुरू करतील. त्यांनी कागद हातात घेतला आणि जिन्याच्या तळाशी मी काढलेल्या गेटच्या चौकोनावर बोट ठेवलं. मग त्या खरखरीत आवाजात, एकेक शब्द तोडत बोलायला लागले.

"मी बारावीला होतो तवा. लातूरला, होस्टेलात. गणपती बुडवून आलो होतो, समदे उशिरा झोपलो. माझ्या खोलीत श्रीमंत म्हणून पोरगा होता, उदगीरकडचा. त्याच्या कानात गुलाल तसाच होता. हालायला लागलं आन पोरं पळाली. श्रीमंत लई चपळ, त्यो सगळ्यात म्होरं. मी चष्मा हुडकत बसलो, म्हणून मागं ऱ्हायलो. खाली गेट होतं. असंच. कुलूप लावलेलं."

ते थांबले. पाणी प्यायले.

"वरून पोरं येऊनच ऱ्हायली. मागच्याला कळंना, म्होरं बंद हाय म्हणून. वॉर्डनला किल्ली लागंना. गेट उघडलं तवा जमीन कवाच थांबली होती. आमच्या इमारतीचा गिलाव्याचा तुकडासुदिक पडला न्हाई, सदफबाई. श्रीमंत तेवढा गेटापाशी पडला होता. जाळीचे वळ होते तोंडावर."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"उजाडल्यावर गावागावच्या बातम्या यायला लागल्या. हजारो माणसं गेलेली. तिथं एका पोराचं कोण इचारतंय? त्याचा बाप आला. सगळे त्याला म्हणले, भूकंपात गेलं लेकरू. भूकंपात न्हाई गेला त्यो. कुलपात गेला."

"मग हे लेखात का नाही?" मी विचारलं.

सरांनी मान खाली घातली. "लेख लई लांबला आसता."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. जपानची घरं आहेत, कुत्र्या-मांजरांना आधी कळतं का ते आहे, पृथ्वीच्या पोटातला लाव्हा आहे, आणि श्रीमंत नाही! उभ्या आयुष्यात या माणसानं एकदाच काटछाट केली आणि ती नेमकी इथं. मी त्यांना हे सगळं तोंडावर म्हणाले. जोरात म्हणाले, पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. काढा चित्र. कुलूप मोठं काढा."

मी काढलं. जिना, जिन्यावर मुली, वरून खाली येणारा लाल बाण, आणि बाण जिथं अडतो तिथं काळं कुलूप. बाजूला तीनच गोष्टी. हलत असताना पळू नका, टेबलाखाली डोकं झाका. थांबल्यावर रांगेत उतरा. जिन्याचं दार कधीही बंद नको. या वेळी सरांनी स्क्रीनला बोट लावलं नाही आणि काही घालायलाही सांगितलं नाही.

आप्पासाहेबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे कुलूप कशाला दाखवायलाव? ते काढा, बाण सरळ बाहेर न्या."

"बाहेर जाता येत नाही, साहेब."

"आवो चित्र हाय ते! आणि पालक ॲडमिशनला आला की पहिलं काय इचारतो? फी मागून इचारतो. आधी इचारतो, गेटला कुलूप असतं का? मी कुलूप काढलं तर उद्या अर्धं होस्टेल रिकामं. पोरींची जबाबदारी हाय माझ्यावर."

खोटं नव्हतं ते. मीसुद्धा अशाच प्रश्नांतून वाढले आहे. पण खरं असलं म्हणून काय बाण भिंतीतून न्यायचा? मी हात आपटून कुलूप पुसलं, बाण सरळ रस्त्यावर नेला, वर आप्पासाहेबांचा फोटो लावला. सर मागं उभे होते. त्यांनी ते बघितलं आणि आप्पासाहेबांना म्हणाले, "हे माझ्या नावानं जाऊ देऊ नका."

"बरं, नावाशिवाय टाकू," आप्पासाहेब म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं खुर्ची सांभाळलेला माणूस, आणखी काय करणार?

सर आपल्या टेबलाशी गेले आणि ब्लॉगवरचा तो लेख उघडून पुसायला लागले. थर गेले, खंड गेले, जपान गेलं, कुत्री-मांजरं गेली. दोन बोटांनी टंकणारा माणूस, पण पुसायला वेळ लागला नाही. शेवटी तीन वाक्यं लिहिली आणि मला बोलावलं.

'१९९३च्या भूकंपात आमच्या वसतिगृहाची भिंत तडकलीसुद्धा नाही. माझा मित्र श्रीमंत जिन्याखालच्या बंद दारापाशी चेंगरून मेला. आपल्या मुलींच्या जिन्याखाली आजही कुलूप आहे.' खाली त्यांचं नाव.

"हे चित्राखाली घाला," सर म्हणाले. "लेख कोण वाचतंय? चित्र वाचतेत."

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय जाईल ते माझ्या हातात होतं. घरात पगार माझा एकटीचा येतो, अब्बांच्या हातांना आता ब्रश धरवत नाही. हे सगळं मनात आलं आणि त्यामुळे मला सरांचा जास्तच राग आला, की एवढी वर्षं गप्प बसून आज मला कामाला लावलंय. पण गेटला लोंबकळलेल्या पोरीही डोळ्यांसमोरून जाईनात. कुलूप असलेलं आधीचं चित्र पुन्हा उघडलं, त्यात ती तीन वाक्यं बसवली आणि पाठवलं.

अर्ध्या तासात आप्पासाहेबांचा फोन सुरू झाला तो थांबेना. ते माझ्यावर ओरडले, सरांवर ओरडले, मग दार लावून एकटेच बसले. शेवटी त्यांनी रविवारी होस्टेलच्या अंगणात पालकांची सभा ठेवली. मला वाटलं, पालक येतील, कुलूप तोडायला लावतील, आपलं काम झालं.

कसलं काय. पालक आले, खुर्च्या भरल्या, आप्पासाहेबांनी माइकवर नमस्कार-चमत्कार केले, आणि पहिलेच उठले ते किनवटकडचे अमृतराव. डोक्याला रुमाल, अंगात कडक इस्त्री. त्यांची शिवांगी तिसऱ्या मजल्यावर राहायची.

"साहेब, ते चित्र बगून माझी बायको रातभर झोपली न्हाई. कशाला असलं पाठवताव? कुलूप हाय म्हणूनच पोरगी हितं ठिवली. आमच्या गावापासनं नांदेड लई लांब. हितं काय कमी-जास्त झालं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई. भूकंप काय रोज येतोय का?"

आणि लोकांनी माना डोलावल्या! एकानं नाही, खुर्च्यांच्या खुर्च्यांनी. मी कपाळावर हात मारून घेतला. ज्यांच्या पोरींसाठी नोकरी पणाला लावली, तेच म्हणतायत कुलूप राहू द्या. आप्पासाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की, बघा, मी काय सांगत होतो.

सर शेवटच्या रांगेतून उठले. मुलींना सभेपुरतं वर पाठवलं होतं. त्या जिन्यावर येऊन खाली डोकावत होत्या. सरांनी चॅनेल गेट खडखडत ओढलं आणि कुलूप दाबून बसवलं. मग केवळाबाईंपुढे हात केला. केवळाबाईंनी आप्पासाहेबांकडे बघत बघत कमरेची किल्ली सोडून दिली. सरांनी ती पालकांसमोरच्या टेबलावर ठेवली आणि माइक हातात घेतला. जन्मात पहिल्यांदाच घेतला असेल. त्या आवाजानं पुढच्या रांगेतली माणसं दचकली.

"ज्याला कुलूप पाहिजे त्यानं ही किल्ली घरी न्यावी. केवळाबाईला दळन हाय, आंघोळ हाय, ती सदा गेटापाशी न्हाई ऱ्हात. किल्ली तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. हाललं की यायचं आन उघडायचं."

मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. पोरी आत, किल्ली टेबलावर, आणि हा माणूस खुर्चीत जाऊन बसला. कुणीतरी हसायचा प्रयत्न केला, ते हसू तिथंच विरलं. आप्पासाहेब उठणार, तेवढ्यात अमृतरावच तरातरा पुढं आले.

"मला भेव दाखवायलाव का? आना हिकडं." त्यांनी किल्ली उचलली, खिशात टाकली आणि फाटकाबाहेर निघून गेले.

"आवो, पोरी आत हायत!" केवळाबाई ओरडल्या. जिन्यावर शिवांगी होती. तिनं गेटच्या जाळीतून बाप जाताना बघितला, हाक मात्र मारली नाही. आप्पासाहेब सरांवर खेकसले, "सर, हा काय तमाशा लावलाव? कुलूप तोडायला माणूस बोलवा कुणीतरी!" सर हातांच्या मुठी आवळून गेटकडे बघत बसले होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की, खुर्ची उचलून कुलपावर घालावी असं वाटलं. मी खरंच उठले होते.

तेवढ्यात अमृतराव परत आले. रुमाल खांद्यावर घसरलेला, धाप लागलेली. कुणाशी न बोलता ते थेट गेटाशी गेले. किल्ली लावायला लागले तर ती लागेना. पलीकडून शिवांगी म्हणाली, "बाबा, उलटी धरलीव." त्यांनी ती फिरवली, कुलूप निघालं, गेट सरकलं. मुली एकीमागून एक अंगणात आल्या.

अमृतरावांनी कुलूप आणि किल्ली, दोन्ही आणून सरांच्या हातात ठेवलं.

"रिक्षात बसलो होतो, सर," ते म्हणाले. "रिक्षा निघाली आन ध्यानात आलं. पोरगी तिकडं आत हाय, आन तिचं दार माझ्या खिशात."